टीबीत माझी भूक कुठं गेली होती अन् ती परत कशी आली

खोकला मागून आला, आधी भूक गेली. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतो, कारण आमच्याकडं टीबी म्हटलं की लोकं खोकला अन् रक्त एवढंच पाहतात, माझ्या बाबतीत मात्र त्याच्या कितीतरी आधी अन्नावरची वासनाच उडाली होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. सोयाबीन निघून गेलं होतं, कापसाची वेचणी चालू होती, म्हणजे वर्षातला सगळ्यात धावपळीचा टाइम, अशा दिवसांत माणूस एखादी भाकर जास्तच खातो. अन् माझं उलटं झालेलं. सकाळची भाकर दुपारपर्यंत डब्यात तशीच. लसणाची फोडणी पडली की मळमळ व्हायची. आंबाडीची भाजी अन् ज्वारीची भाकर म्हणजे माझा जीव की प्राण, तीही समोर आली की दोन घासांतच पोट गच्च भरल्यासारखं वाटायचं, जसं काही आत्ताच कोणाच्या लग्नात जेवून आलो. त्यात नाटक काहीच नव्हतं, खरंच पोट भरलेलं वाटायचं, हेच कोणाला समजावता येत नव्हतं.

माय म्हणे, "काऊन रे, दोन घास तरी खाय ना बाप्पा, खाल्लं नाई तर ताकद कुठून येईन?" बायको काही बोलायची नाही पण तिला वाटायचं की आपल्या हातचं याला आवडेनासं झालं. बाबा म्हणत टेन्शन घेतलं असेल, कापसाला भाव नाही म्हणून. गावातल्या एकानं तर सरळ विचारलं की पिणं सुरू केलं का. मी बीएस्सी केलेला माणूस, घरची शेती पाहतो अन् संध्याकाळी पोरांच्या शिकवण्या घेतो, मला स्वतःलाच कळत नव्हतं की भूक अशी बटण बंद केल्यासारखी कशी जाते.

मग दिवे लागणीला अंगात कणकण यायला लागली, रात्री गंजी भिजून निघायची, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. तालुक्याला एका खासगी डॉक्टरकडं गेलो, त्यांनी सलाईन लावली, अशक्तपणा आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या अन् भूक लागायचं सिरप दिलं. ते सिरप म्हणजे सायप्रोहेप्टाडिन, मूळचं ॲलर्जीचं औषध आहे, त्यानं झोप येते अन् काही लोकांची भूकही थोडी वाढते. मला फक्त झोप आली. आत आग लागलेली असताना वरून भूक वाढवायचं औषध देऊन उपयोग नसतो, हे आता समजते.

तपासणीला पाठवलं ते आमच्या आशाताईंनी. कापसाच्या गाड्या भरणं चालू होतं, त्या रस्त्यानं जात होत्या, मला पाहून थांबल्या अन् म्हणाल्या, "भाऊ, तुमचे गाल पाहा किती बसले, बेडका तपासून घ्या, पैसे नाही लागत." दोन आठवड्यांचा खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, हे चार प्रश्न त्या घरोघरी विचारतात, अन् माझं चारही होतं. सरकारी दवाखान्यात एक नमुना तिथंच दिला, दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा डबीत घेऊन गेलो. ट्रूनॅट मशीनवर तपासला, ही मशीन आपल्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेली आहे, जंतू आहे का अन् रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याला लागू पडते का हे दोन्ही काही तासांतच सांगते. टीबी निघाला, औषधाला दाद देणारा निघाला. वजन भरलं ४३ किलो, आदल्या वर्षी ५४ होतं. सोबत एचआयव्ही अन् शुगर तपासली, टीबीच्या प्रत्येक पेशंटची तपासतात. शुगर थोडी वाढलेली आली. घरात कोणाला डायबेटीस नाही, खाणं जवळजवळ बंद, अन् शुगर वाढलेली! तिथूनच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला की हे काय चाललंय शरीरात.

शिकवण्या बंद, पोरांना लागण होऊ नये म्हणून, अन् शेतात जायचा प्रश्नच नव्हता. खाटेवर पडून मोबाईलवर वाचत राहिलो. इंग्रजी पेपर समजायला जड, पण एक-एक शब्द शोधत वाचले, दवाखान्यातल्या मॅडमना विचारलं, अन् हळूहळू चित्र उभं राहिलं. मला जे समजलं ते असं.

टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळतात. दुसरे जंतू गिळल्यावर मरतात, हा मरत नाही, त्या पेशीच्या आतच बस्तान मांडतो. मग ती पेशी काही प्रथिनं बाहेर सोडते, बाकीच्या पेशींना बोलवायला अन् सगळ्या शरीराला कळवायला की लागण झाली आहे. यांना सायटोकाइन म्हणतात. यातली तीन नावं सारखी भेटतात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अन् इंटरल्यूकिन-६. अन् माझी भूक कोणी नेली याचं उत्तर बरंचसं या तिघांत आहे.

टीएनएफची गोष्ट तर प्रत्येक शेतकऱ्यानं ऐकावी अशी आहे, कारण ती गुरांच्या रोगापासून सुरू होते. आफ्रिकेत गुरांना ट्रिपॅनोसोमा नावाच्या परजीवीचा रोग होतो, आपल्याकडचा सर्रा त्याच जातीतला. जनावर खंगत खंगत मरते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी हे त्यावर काम करत होते, त्यांनी सशांमध्ये तो रोग पाहिला तर ससे वाळून चाललेले पण रक्तात मात्र चरबी भरपूर. म्हणजे चरबी रक्तात फिरते आहे अन् पेशींना ती आत घेता येत नाही, कारण ते काम करणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइमच दाबलं गेलेलं. हे कोण दाबते म्हणून शोधत शोधत एक प्रथिन हाती लागलं, जे परजीवी सोडत नव्हता, सशाचं स्वतःचं शरीर सोडत होतं. त्याला त्यांनी कॅकेक्टिन नाव दिलं, म्हणजे माणूस वाळवणारं. अन् १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर अन् सेरामी यांना दिसलं की हे तर टीएनएफच आहे, ज्याचं वर्णन न्यूयॉर्कमध्येच १९७५ साली दुसऱ्या टीमनं केलं होतं, उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी मारणारा पदार्थ म्हणून. दोन वेगवेगळ्या वाटेनं आलेली माणसं एकाच प्रथिनापाशी येऊन पोचली. बॉयटलरना पुढं २०११ चं नोबेल मिळालं, ते शरीराला जंतूचा सुगावा कसा लागतो या शोधासाठी.

हे वाचून मी दोनदा मोबाईल खाली ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं की जंतू मला खाऊन टाकतोय. पण वाळवणारा निरोप माझ्याच पेशी देत होत्या, अन् वाईट हेतूनं नाही. टीएनएफ नसेल तर टीबीच्या जंतूभोवती जी गाठ बांधून त्याला कोंडून ठेवलं जाते ती गाठच टिकत नाही. याचा पुरावा माणसांत मिळाला. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध निघालं, अन् २००१ मध्ये अहवाल आला की ते घेणाऱ्यांत कित्येकांचा झोपलेला टीबी उफाळून आला. तेव्हापासून असं औषध सुरू करायच्या आधी टीबी तपासतात. म्हणजे जे प्रथिन जंतूला कोंडते तेच माझं मांस उतरवते. यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

आता भूक. भुकेचं ठाणं पोटात नाही, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे तिथं आहे. तिथं पेशींचे दोन गट आहेत, एक म्हणतो खा, दुसरा म्हणतो बस झालं. इंटरल्यूकिन-१ अन् टीएनएफचा निरोप पोचला की बस झालं म्हणणारा गट जोरात येतो अन् खा म्हणणारा दबतो. निरोप पोचायच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत, काही रक्तातून, काही पोटाकडून मेंदूकडं जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेतून, अन् मेंदूच्या मागच्या बाजूला एक जागा आहे जिथं ओकारीचं केंद्र आहे, तिथूनही. म्हणून मला नुसती भूक नव्हती असं नाही, फोडणीच्या वासानं मळमळही व्हायची. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत याच निरोपामुळं प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते, ते तापाचा काटा वर सरकवते. पॅरासिटामॉल ते अडवते म्हणून गोळी घेतली की ताप उतरायचा, अन् त्या तासा-दोन तासात मला थोडं वरण-भात जायचं, हे बायकोच्या लक्षात आधी आलं, मग ती त्याच हिशोबानं ताट वाढायला लागली.

हे सगळं वाचल्यावर मी मायला बोलावून सांगितलं. सायटोकाइन वगैरे नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की माय, तुझ्या स्वयंपाकात काही कमी नाही, माझ्या डोक्यातलंच भुकेचं ठाणं आजारानं बंद करून ठेवलं आहे, औषध लागू पडलं की उघडन. तिला एकदम पटलं. म्हणाली, "आपल्या पांढऱ्या बैलाचं झालं होतं तसंच ना, त्यानं बी रवंथ सोडला होता, कडब्याले तोंड लावत नव्हता, अन् बरा झाल्यावर गव्हाण चाटून काढली."

तिनं बरोबर धरलं होतं. बेंजामिन हार्ट नावाचे कॅलिफोर्नियातले एक जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांनी १९८८ साली हेच लिहिलं की आजारी जनावर कोपऱ्यात बसते, खात नाही, अंग चोरते, हे नुसतं अशक्तपण नाही, लढायची रीत आहे. चारा शोधत फिरण्यात ताकद जाते, ती वाचवून तापासाठी लावायची. तापात जंतूची वाढ मंदावते अन् आपल्या पेशी जोमात येतात. शरीराचं तापमान एक डिग्री सेल्सिअस वाढवायला साधारण १० ते १३ टक्के जास्त इंधन जळते, म्हणजे ताप ही महागाची गोष्ट आहे, शरीर उगाच तो खर्च करत नाही.

मग आजीचं लंघन खरं होतं का? आजी तापात पेज अन् पाण्यावर ठेवायची. यावर उंदरांवरचे दोन प्रयोग फार बोलके आहेत. १९७९ मध्ये अमेरिकेत मरे अन् मरे या दोघांनी लिस्टेरिया नावाच्या जंतूची लागण झालेल्या उंदरांना नळीनं जबरदस्तीनं नेहमीइतकं खाऊ घातलं, तर ते जास्त संख्येनं अन् लवकर मेले. २०१६ मध्ये येल विद्यापीठात रुस्लान मेझितोव यांच्या टीमनं तेच पुन्हा तपासलं अन् गोष्ट आणखी खोलात गेली. लिस्टेरियासारख्या जंतूच्या लागणीत साखर घातकी ठरली, उपाशी राहणं बरं ठरलं. पण फ्लूच्या विषाणूत उलटं, तिथं खाऊ घातलेले उंदीर जास्त वाचले. म्हणजे तापात खावं की नाही याला सगळ्या रोगांसाठी एकच उत्तर नाही. अन् हे उंदीर आहेत, यावरून माणसाच्या ताटाचा निकाल लावता येत नाही.

माझं स्वतःचं मत सांगतो. चार दिवसांच्या तापात जेवण गेलं तर घरच्यांनी माणसाच्या मागं लागू नये, पाणी-पेज-ताक चालू ठेवावं, लेकरू अन् म्हातारं माणूस असेल तर मात्र डॉक्टरला दाखवावं. पण ही सगळी यंत्रणा चार दिवसांसाठी बनली आहे. टीबी महिनोन् महिने चालतो अन् निरोप बंदच होत नाही. चार दिवस उपयोगाचं असलेलं उपाशीपण चार महिन्यांत माणूस मारते. आपल्याकडचा माणूस तर आधीच बारीक, त्याच्याकडं जाळायला चरबीच नसते.

मग शरीर काय जाळते, तर मांस. नुसता उपाशी राहिलेला निरोगी माणूस काही दिवसांनी चरबीवर येतो अन् मांस वाचवतो. लागण झालेल्या शरीराला ते जमत नाही. लिव्हरला लढाईची प्रथिनं बनवायची असतात, सीआरपी वगैरे, इंटरल्यूकिन-६ त्याला तो हुकूम देते, अन् त्यासाठी कच्चा माल मांड्या-दंडांतून निघतो. मांसातलीच काही अमिनो आम्लं लिव्हर साखरेत बदलते, अन् त्याच वेळी टीएनएफ अन् ताणाची हार्मोन्स इन्सुलिनचं काम मंदावतात, म्हणजे मांसपेशींनी साखर कमी घ्यावी अन् लढणाऱ्या पेशींना जास्त मिळावी. माझी वाढलेली शुगर ही होती! मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की घाबरू नका, उपचार चालू झाल्यावर पुन्हा पाहू, अन् पुढं ती आपोआप नॉर्मल आली. सगळ्यांची येईलच असं नाही, खरा डायबेटीसही टीबीसोबत निघतो, म्हणून परत तपासावंच लागते.

दुष्काळात एखाद्या घरानं पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळून खाल्लं तर आजची रात निघते पण मृगात पेरायला काही राहत नाही, मांसाचं तसंच आहे. चालायचं, खोकून बेडका बाहेर काढायचा, श्वास घ्यायचा, सगळं मांसावरच.

अन् इथं आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. उपचाराच्या आधी घरच्यांनी मला अंडी सुरू केली होती. माय माळकरी, तरी तिनं आंगणात वेगळी चूल मांडून दिली, एवढं तिनं माझ्यासाठी केलं. पण वजन एक ग्रॅम वाढलं नाही. १९९८ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, त्यात बेंगळुरूचे संशोधकही होते, आपल्याच लोकांवर केलेला. त्यांना दिसलं की टीबीच्या पेशंटनं खाल्लेलं प्रोटीन शरीर बांधायला कमी लागते, जळून जास्त जाते. नुसत्या उपासमारीनं बारीक झालेल्या माणसाचं तसं होत नाही, त्याला खायला दिलं की ते अंगी लागते. म्हणजे अन्न पोटात गेलं तरी भिंत चढत नाही, जोवर लागणीचा निरोप चालू आहे तोवर. हे वाचून मायच्या अंड्यांसाठी वाईट वाटलं, पण खाऊनही वजन वाढत नाही याचा राग निघून गेला.

लोहाचंही तेच. माझं हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, काही फरक नाही. जंतूला वाढायला लोह लागते, म्हणून शरीर लोह लपवून ठेवते. इंटरल्यूकिन-६ लिव्हरला सांगते, लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडते, ते आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही अन् साठ्यातलंही बाहेर निघू देत नाही. आमच्याकडं बायकांना सगळ्यात जास्त लोहाच्याच गोळ्या वाटल्या जातात, अन् बहुतेकींना खरंच लोह कमी असते. पण एखादीला महिनोन् महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, वरून वजन उतरत असेल, तर आत कुठं लागण आहे का हे पाहायला पाहिजे, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, माझ्या वजनाप्रमाणे रोज तीन, नंतरचे चार महिने तीन औषधांच्या. लघवी नारिंगी होते रिफॅम्पिसिननं, सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. सुरुवातीला मळमळ उलट वाढली. मग कधीतरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळची कणकण आली नाही, अन् त्याच्या मागोमाग एका रात्री झोपेतून उठलो ते भुकेनं. कितीतरी महिन्यांनी पोटात ते कुरतडणं जाणवलं. बायकोला उठवलं, तिनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या, ताक घालून भलं मोठं वाटगंभर खाल्लं. माय जागी झाली अन् नुसती पाहत बसली.

जंतू मरायला लागले की मॅक्रोफेजना ओरडायचं कारण राहत नाही, सायटोकाइन उतरतात, मेंदूतलं ठाणं मोकळं होते, खाल्लेलं अंगी लागायला लागते. म्हणजे गोळ्या आधी अन् अन्न त्यांच्या पाठोपाठ, हा क्रम आहे. आमच्या भागात अजून लोकं म्हणतात की टीबी चांगल्या खुराकानं बरा होते, दूध-अंडी खा. याचा निकाल १९५९ सालीच मद्रासमध्ये लागला होता. तिथं काही पेशंट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात ठेवले, आराम अन् चांगलं जेवण, अन् काही त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच, साध्या खाण्यावर. औषध दोघांना सारखंच. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं, पण बरं होण्यात दोन्ही गट जवळपास बरोबरीचे निघाले. त्या एका अभ्यासामुळं जगभर टीबीचे पेशंट घरी राहून उपचार घ्यायला लागले.

पण याचा अर्थ अन्नाला किंमत नाही असा काढला गेला, अन् तो मला मान्य नाही. झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत अनुराग भार्गव अन् माधवी भार्गव या डॉक्टरांनी रेशन्स नावाचा अभ्यास केला, २०२३ मध्ये लॅन्सेटच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला. २८०० पेशंटना औषधासोबत दर महिन्याला १० किलोचा शिधा, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यांना दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत वजन एक टक्का जरी वाढलं तरी मरण्याचा धोका १३ टक्के कमी, अन् पाच टक्के वाढलं तर ६१ टक्के कमी. अन् घरातल्या बाकीच्यांना जिथं जास्तीचं धान्य-डाळ दिली तिथं त्यांच्यात नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. बाकीच्यांचा टीबी अडवायला डाळ-तांदूळ! मी हा आकडा वाचला त्या दिवशी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

म्हणून ते पहिले दोन महिने माझ्या दृष्टीनं सोन्याचे आहेत. भूक परत येते तेव्हा ती भल्ली येते, अन् त्या वेळी घरात काही नसेल तर ती वेळ वाया जाते. वेचणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घरात कमावता माणूस खाटेवर पडला की नेमकं तेव्हाच डब्यात काही नसते. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते पैसे सुरुवातीलाच हातात पडले तर त्यांचं मोल दुप्पट आहे, कारण भूक नेमकी त्याच महिन्यांत उघडते. बँक पासबुक अन् आधारचं काम पहिल्याच फेरीत उरकून घ्या. आमच्याकडं घरची तूर होती, शेंगदाणे होते, फुटाणे, गूळ, एक म्हैस. बाहेरचा प्रोटीन पावडरचा डबा एकही आणला नाही. तुरीचं घट्ट वरण, झुणका, अंडी, शेंगदाण्याची चटणी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. वजन दिसत दिसत वाढलं.

मधे एकदा भूक पुन्हा गेली. मी तर समजलो टीबी परत पलटला. पण मॅडमनी ताबडतोब बोलावलं, लिव्हरची टेस्ट केली. टीबीच्या चारपैकी तीन औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात, अन् त्याची पहिली खूण अशीच असते, भूक जाणं, मळमळ, मग डोळे पिवळे, लघवी गडद. गोळ्यांनी लघवी आधीच नारिंगी असते त्यामुळं त्यावरून कळत नाही, डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा लागते. माझी टेस्ट चांगली आली, साधं पोटाचं इन्फेक्शन निघालं. पण हे लक्षात ठेवा, उपचाराच्या आधीची भूक जाणं वेगळं अन् एकदा परत आलेली भूक पुन्हा जाणं वेगळं. दुसऱ्या वेळी मनानं गोळ्या बंदही करायच्या नाहीत अन् वाट पाहत बसायचंही नाही, त्याच दिवशी दवाखाना.

सहा महिने झाले, बेडका निगेटिव्ह, वजन ५३. सगळे म्हणाले झाला पहिल्यासारखा. मी नव्हतो झालो. फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर अर्ध्या वावरात पाय थरथरायचे. याचंही कारण आहे, टीबीतून उठताना जे वजन येते त्यात आधी चरबी जास्त असते, मांस फार हळू परत येते. हे लंडनमधल्या पेशंटवर मोजून पाहिलेलं आहे, २००४ मध्ये छापलेलं. पोट, गाल भरले, दंड नाही भरले. म्हणून काटा बरोबर आला तरी लगेच जड कामाला जुंपू नका, आधी चालणं, मग हलकं निंदण-खुरपण, मग वजन उचलणं. माझा पंप पुढच्या हंगामात नीट उचलला गेला.

सध्या आमच्या गल्लीतला एक जण पहिल्या महिन्यात आहे. त्याची बायको परवा विचारायला आली होती की काही खातच नाही हो भाऊ, भांडण होते रोज. तिला म्हटलं भांडू नका वहिनी, ताप उतरला असेल त्या टायमाला वाढा, थोडंच वाढा, गोळी चुकू देऊ नका. महिनाभराच्या आत तो रात्री उठून मागेल, तेव्हा घरात शिजवायला काहीतरी असू द्या, रात्रीचे दोन वाजले तरी. डोळे रोज उजेडात पाहा. अन् वजन दर पंधरा दिवसांनी करून भिंतीवर लिहून ठेवा, मॅडम विचारतात.